ठिपक्यांची वेल

"धूळसुद्धा पुसायची नाही, सूनबाई. ती धूळही जुनीच आहे. तुम्ही फक्त कुलूप काढायचं, दर्शन घ्यायचं, कुलूप लावायचं. बस."

तांबोळी गुरुजींनी किल्ली माझ्या हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली आणि ते दोन पावलं मागे सरले, मग मी ती उचलली. आमच्यात असंच चालायचं. माझं सोवळं त्यांनी न सांगता ओळखलं होतं. 'असं नका करू गुरुजी' एवढं म्हणणं मला सुचलं नाही, आणि वडठाण सोडेपर्यंत सुचलंच नाही.

"आठ दिवसांनी येतो. बायको आधीच गेलीय मुलीकडं. पहिलं बाळंतपण आहे, बापानंही जायला पाहिजे," ते म्हणाले. "चौदसीला पुण्याहून पुराणवस्तू खात्याचे पानसेसाहेब येणार आहेत. त्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी हजर."

"बरं गुरुजी."

"आणि माझा कागद?"

"काढते की. तुम्ही यायच्या आत."

"कबूल?"

"कबूल."

हसत हसत, मान जराशी वाकडी करून, वाट चाचपत ते गेले. काचबिंदूनं त्यांच्या डोळ्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. समोरचं तेवढं दिसे, बाजूचं नाही.

आम्हाला वडठाणला येऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझे यजमान धन्यकुमार तिथल्या शाळेत मास्तर होते. गावात जैनांचं घर आमचं एकच. जिनमंदिर तालुक्याला, आठ कोसांवर. आणि माझा नियम होता, सोळाव्या वर्षी साध्वी माताजींपाशी घेतलेला : दर्शनाशिवाय अन्न घ्यायचं नाही. मंदिर नसेल तिथं काय करायचं, हेही माताजींनीच सांगून ठेवलं होतं. ज्या दिवशी दर्शन घडणार नाही त्या दिवशी मीठ सोडायचं. घरात तसबीर होती, पण तसबिरीला नमस्कार होतो, दर्शन होत नाही, असं माझं तेव्हाचं कडक मत. रविवारी यजमान सायकलवरून तालुक्याला न्यायचे. बाकीचे सहा दिवस माझं ताट अळणी.

हे गुरुजींना कळलं ते यजमानांमुळंच. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, पण रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं शाळेत यायचेच. एकदा यजमानांबरोबर बोलत बोलत ते घरापर्यंत आले आणि ओट्यावर बसले. आत मी पानं वाढत होते.

"मीठ वाढलं का गं सगळ्यात?" यजमान ओरडले. "नाहीतर तुझ्या पातेल्यातलं आणशील मला."

"दोन पातेली करता की काय?" गुरुजी म्हणाले.

"एक माणसाचं, एक साध्वीचं," यजमान म्हणाले आणि त्यांनी सगळी हकिकत सांगितली. मी दाराआड मेल्याहून मेल्यासारखी झाले.

गुरुजी हसले नाहीत. "किती दिवस?"

"चार महिने झाले."

मग दाराच्या दिशेनं म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी सातला चावडीत या. सरांना घेऊन या. एक मूर्ती दाखवतो. तुमची आहे का बघा."

चावडीच्या दोन खोल्यांत गुरुजींनी तीस वर्षं जमवलेलं सगळं मांडलं होतं. गावाबाहेर पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड आहे. पावसानं ते धुपलं की मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीचे दिवे वर येत आणि लोक ते गुरुजींना आणून देत. समुद्राकाठच्या बंदरांतून घाट चढून बैलांचे तांडे पूर्वी इथं उतरत, इथून पुढं जात, असं गुरुजी सांगत. शंखाच्या बांगड्या होत्या, हस्तिदंताची अर्धी फणी होती, परदेशातून दारू भरून आलेल्या कुठल्याशा उंच रांजणाचा नुसता कान होता. तो कान दाखवताना गुरुजी माझ्याकडं बघून म्हणाले, "याच्यापासून जरा लांबच उभ्या राहा. तुमच्या नियमात बसणारा नाही हा."

शेवटी त्यांनी कपाटात कापसावर ठेवलेलं तांब्याचं गोल झाकण दाखवलं. तळहाताएवढं. हिरव्या पुटानं झाकलेलं. मध्ये मांडी घालून बसलेली एक आकृती, पुटाखाली अर्धी बुजलेली. माझे हात आपसूक जोडले गेले.

"आमचे देव आहेत का हे?"

"माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "मांडी घातलीय एवढं कळतं. साहेब येतील तेव्हा सांगतील. तोवर तुमचेच समजा."

त्या दिवशी मी मीठ घातलेलं वरण खाल्लं. रडूच आलं मला.

तेव्हापासून रोज सातला गुरुजी माझ्यासाठी चावडी उघडायचे आणि बाहेर पारावर बसून राहायचे. एकदा म्हणाले, "गंमत आहे. माझ्या घरचं पाणी तुम्हाला चालत नाही, माझ्या कपाटातला देव चालतो!" मी कसनुशी हसले. राग नव्हता त्यांच्या बोलण्यात, पण ते वाक्य माझ्याजवळ राहिलं.

सातच्या सुमाराला पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन उघड्या कपाटातल्या त्या झाकणावर पडे. तेवढ्या दहा मिनिटांत कडेनं एक नक्षी उठून दिसायची. बारीक बारीक ठिपक्यांची. कुठं अधिकाच्या खुणेसारखी, कुठं उलट्या चुलीसारखी, कुठं नुसता खांब. मला ती वेल वाटली. रोज बघून बघून पाठच झाली. मग मी ती दारात रांगोळीनं काढायला लागले, उंबऱ्याला लागून, ठिपके ठिपके.

पंधरा-वीस दिवसांनी गुरुजींनी ती पाहिली. पाहिली म्हणजे जवळजवळ जमिनीला नाक लावून, मान तिरकी करून.

"सूनबाई, ही वेल कुठली?"

"तुमच्या झाकणावरची."

ते उकिडवेच बसले. मग म्हणाले, "वेल नाही ही. अक्षरं आहेत. कुणाचं तरी नाव असणार. या गावातल्या एखाद्या व्यापाऱ्याचं. मला बोटाला लागतात ती, डोळ्याला दिसत नाहीत. कुणाला दाखवलं तर म्हणतात, गुरुजी, गंज आहे तो." त्यांनी वर पाहिलं. "तुम्हाला सगळी दिसतात?"

"सतरा आहेत."

"मला कागदावर काढून द्याल? साहेबांना दाखवायला. हे नाव वाचता आलं ना, तर हे सगळं इथंच राहील. गावाचं म्हणून राहील. नाहीतर पेट्या भरून नेतील ते."

मी काढून देते म्हटलं. मग लोणची आली, पापड आले, परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या यजमानांना चहा करून देणं आलं. कागद राहून गेला.

चैत्र शुद्ध त्रयोदशी. महावीर जयंती. पहाटे न्हाऊन मी तयार होते. आम्ही तालुक्याला जाणार होतो, अभिषेक बघणार होतो. पण यजमानांना रात्रीपासून ताप भरलेला.

"तू जा एसटीनं," ते म्हणाले.

"तुम्हाला टाकून?"

"मग चावडीतल्या देवाला जा. तोही तुझाच ना?"

सातला मी चावडी उघडली. ऊन झाकणावर आलं होतं. आणि मला वाटलं, आज गावोगावी दुधानं, केशरानं न्हाऊ घालत असतील, पाळणे हलवत असतील, आणि माझा देव इथं कचऱ्यात पडलेल्या भांड्यासारखा बसलाय. सहा महिने मी त्याच्या जिवावर जेवते आणि त्याला साधी आंघोळ नाही. देवाची उपकरणी मी एक दिवस पारोशी ठेवत नव्हते. तांब्याचा कलश रोज चिंचेनं घासून लख्ख करायचे, तसंच हेही तांबं. गुरुजींचं बोलणं मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण ते धुळीबद्दल बोलले होते, देवाबद्दल नाही, असं मी मनाला सांगितलं.

घरी जाऊन चिंचेचा गोळा आणला, चिमूटभर राख, ताम्हन आणि गाळलेल्या पाण्याचा तांब्या.

णमोकार मंत्र म्हणत घासलं. पहिल्यांदा पाणी हिरवं आलं. मग काळपट. मग पुन्हा हिरवं. बोटांखाली तांबं लालसर उजळायला लागलं तसा मला आनंद होत गेला. आधी मधली आकृती, मग कड. कडेला पूट जाड होतं, तिथं जोर लावावा लागला.

धुऊन मी ते पदरानं पुसलं आणि उन्हात धरलं.

आकृतीला मोठं पोट होतं. गळ्यात हार होता. एका हातात थैली होती, तोंड आवळलेली, फुगलेली. माझे देव असे नसतात. त्यांच्या अंगावर काही नसतं, हातात काही नसतं.

मी घाबरून कड बघितली. कड गुळगुळीत होती. मी झाकण तिरपं केलं, आडवं केलं, खिडकीशी नेलं. एक ठिपका नव्हता. अक्षरं तांब्यात उरलीच नव्हती, ती त्या हिरव्या पुटातच जगली होती, आणि पूट मी ताम्हनात धुऊन काढलं होतं.

ते पाणी मी चावडीमागच्या तुळशीला घातलं. देवाचं पाणी पायदळी पडू नये म्हणून. तेवढं भान मला होतं.

झाकण कापसावर ठेवलं, कुलूप लावलं, घरी आले. त्या दिवशी मी जेवले नाही. यजमानांना सांगितलं, जयंतीचा उपास आहे.

दुसरे दिवशी चौदस. अष्टमी-चौदसीला माझं मौन असे, जेवणापर्यंत. त्या दिवशी सकाळी मी हात जोडून ते सूर्यास्तापर्यंत घेतलं. का वाढवते आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही.

गुरुजी एसटीतून उतरून थेट आमच्या दारात आले. हातात पिशवी, तोंडभर हसू. "नात झाली सूनबाई! हे पेढे. बाजारचे आहेत, आमच्या घरचे नाहीत, तुम्हाला चालतील." पुडी त्यांनी ओट्यावर ठेवली. "कागद झाला का?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"हां, चौदस! विसरलोच. राहू द्या, राहू द्या. साहेबांना मी तोंडी सांगतो. ते ठसा घेतीलच." मी ओट्यावर ठेवलेली किल्ली त्यांनी उचलली.

पानसेसाहेब अकराला जीपनं आले. यजमानांचा ताप उतरला होता, तेही गेले. मला म्हणाले, "चल, तुझ्या देवाचं नाव कळेल." मी गेले. चावडीच्या दारात उभी राहिले.

साहेबांनी मणी बघितले, फणी बघितली. रांजणाचा कान हातात घेऊन "वा, गुरुजी!" म्हणाले. गुरुजी त्यांच्यापुढं लहान मुलासारखे चालत होते. "आता खरी गोष्ट दाखवतो," असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं.

साहेबांनी झाकण उचललं. भिंग काढलं, फिरवून फिरवून बघितलं.

"हे कुणी केलं?"

"काय, साहेब?"

"हे घासलंय कुणीतरी. हल्लीच. अक्षरं आहेत म्हणून पत्रं पाठवत होतात तुम्ही. कुठायत अक्षरं?"

"असं कसं?" गुरुजींनी हात पुढं केला. साहेबांनी झाकण त्यांच्या तळहातावर ठेवलं. गुरुजींनी कडेवरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. मग उलट दिशेनं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. ते झाकण त्यांनी नाकाशी नेलं. मग नखानं आकृतीच्या मांडीच्या खाचेतून काहीतरी काढलं. चिंचेचा एक बारीक दोरा. बोटात धरून त्यांनी तो क्षणभर चाचपला, आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

मग ते दाराकडं वळले. समोरचं तेवढं त्यांना दिसे. समोर मी होते.

"किल्ली कुणाकडं होती?" साहेबांनी विचारलं.

"आमच्याकडे होती," यजमान गोंधळून म्हणाले. "म्हणजे, ही रोज दर्शनाला... अगं, कुणी आलं होतं का? तिचं आज मौन आहे, साहेब. पण खुणेनं सांगेल. सांग ना गं."

मान हलवायची होती. एवढंच. मौन मोडलंही नसतं. मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

"त्यांना त्रास देऊ नका सर," गुरुजी म्हणाले. "व्रत आहे त्यांचं. मीच घासलं साहेब. जायच्या आधी. तुम्ही येणार, म्हटलं जरा चकचकीत दिसावं."

"तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला. "तीस वर्षं गोळा करता आणि एवढं कळत नाही? एखाद्या अडाण्यानं केलं असतं तर समजलो असतो."

"चूक झाली."

"चूक? एका माणसाचं नाव पुसलंत तुम्ही. या वस्तू आता इथं ठेवता येणार नाहीत. तुमच्या हाती तर नाहीच."

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले.

सूर्य मावळला. मौन सुटलं. मी यजमानांना विचारलं, "तुम्हाला पिठलं करू का?" त्या दिवशीचं माझं पहिलं वाक्य ते. पेढ्यांची पुडी ओट्यावर तशीच होती. मुंग्या लागल्या होत्या, आणि मुंग्या मरतील म्हणून मी ती उचललीही नाही.

चार दिवसांनी ट्रक आला आणि पेट्या गेल्या. मी चावडीकडं फिरकले नाही. दारात रांगोळी काढणं बंद केलं. ताट पुन्हा अळणी झालं. यजमानांनी विचारलं तर म्हटलं, दर्शन नाही ना आता.

बदलीची ऑर्डर आली त्या आठवड्यात गुरुजी एकदा समोरून आले. ओट्यापाशी थांबले. मोकळ्या उंबऱ्याकडं त्यांनी वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, कागद राहिला हं."

मी मान डोलावली. त्या दिवशी मौन नव्हतं.

याला सव्वीस वर्षं झाली. दरवर्षी क्षमावाणीला मी पोस्टकार्डं लिहिते. जावांना, नणंदांना, जुन्या शेजारणींना, एकदा भांडलेल्या दूधवाल्यालासुद्धा. 'जाणता-अजाणता मन दुखावले असल्यास उत्तम क्षमा.' एक कार्ड दरवर्षी कोरं उरायचं. यजमान गेले, त्यांनाही मी सांगितलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात महिला मंडळाची सहल निघाली. तीर्थक्षेत्राहून परतताना बस जिल्ह्याच्या गावी थांबली आणि कुणीतरी म्हणालं, समोर संग्रहालय आहे, बघून घेऊ. मला आत जायचं नव्हतं. बायकांनी ओढून नेलं.

काचेच्या पेटीत, दिव्याखाली, ते झाकण होतं. शेजारी फलक : 'तांब्याचे झाकण, व्यापाऱ्यांची देवता. वडठाण. मूळ संग्राहकाने घासल्यामुळे कडेवरील अक्षरे नष्ट.'

मूळ संग्राहकाने. मी ते तीनदा वाचलं.

तिथं एक मुलगी होती, माहिती सांगणारी, पंचविशीची. "काय झालं आजी? बसता का?"

"हे गुरुजी... आहेत का?"

"तांबोळी गुरुजी? आहेत की! दिसत नाही त्यांना आता अजिबात. नात कार्ड लिहून देते त्यांची. दरवर्षी एक कार्ड येतं आमच्याकडं." ती हसली, प्रेमानंच. "लिहितात, 'फलक बदला. अक्षरं गेलेली नाहीत. एका बाईंच्या दारात आहेत. त्या कागद देणार आहेत.' आम्ही एकदा विचारलं, कोण बाई? तर कळवलं, 'त्यांचं मौन आहे. सुटलं की सांगतील.' वय झालं की होतं असं."

बसमध्ये बायका भजन म्हणत होत्या. माझं तोंड मिटलेलंच.

काल दुपारी जुन्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. पेन्सिल घेतली, हात चालेना. मग फरशीवर चिमटीत रांगोळी धरली आणि डोळे मिटले. अधिकाची खूण. खांब. उलटी चूल. बोटं कुठं अडली नाहीत. सतरा झाली.

मग दाभण घेतला. पुठ्ठा उशीवर उलटा ठेवून एकेक ठिपका मागून टोचला, पुढच्या बाजूला उठाव यावा म्हणून. हात फिरवून बघितला. बोटाला लागत होतं.

आज सकाळी सातच्या गाडीसाठी मी चपला घालत होते, तेव्हा माझी सून बाहेर आली.

"आई, आज चौदस ना? मौन नाही का तुमचं?"

"नाही आज."

"कुठं निघालात?"

"वडठाणला. एका गुरुजींना कागद द्यायचा राहिलाय."

पुठ्ठा मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत उभा ठेवला, दुमडू नये असा. खाली पाणी गाळायचं फडकं घडी करून घातलेलं होतंच. फाटकापर्यंत गेले, तेवढ्यात ती मागून धावत आली. माझी पाण्याची बाटली तिच्या हातात होती. घरचं पाणी घेतल्याशिवाय मी गावाला जात नाही, हे तिला ठाऊक आहे.

"आई, पाणी राहिलं!"

"राहू दे," मी म्हटलं. "त्यांच्या घरी मिळेल."